निवड बंदरावरच

वेसाव्याच्या बंदरात होडी लागली की मासळी आधी निवडली जाते. बोंबील एका टोपलीत, कोळंबी दुसरीत, मांदेली तिसरीत आणि जाळ्यात आलेलं प्लास्टिक बाजूला. हे सगळं किनाऱ्यावरच उरकतं. जाळ्यातला माल तसाच टेम्पोत भरून बाजारात न्यायचा आणि तिथे पसरून निवडत बसायचं, असं कुठलीही कोळीण करणार नाही. नको त्या मालाचं ओझं वाहायचे पैसे पडतात, वेळ जातो आणि तेवढ्यात चांगली मासळीही उतरते.

याच वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, वाळूखालून जगाचं इंटरनेट मुंबईत शिरतं. समुद्राच्या तळाने आलेल्या अनेक आंतरराष्ट्रीय केबल्स या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. वलांडीवर बोंबील वाळत असतात, त्याच गावाच्या अंगाखालून घाटकोपरच्या कुणाचा तरी अमेरिकेतल्या मुलीशी चाललेला व्हिडिओ कॉल जात असतो. या केबल्समधून येणारा माल म्हणजे पॅकेट. कॉल असो, चित्रपट असो किंवा बँकेचा व्यवहार, सगळ्याचे साधारण दीड हजार बाइटांपर्यंतचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कुठून आला, कुठे जायचं, आत काय प्रकारचा माल आहे हे लिहिलेलं असतं. या डोक्याला हेडर म्हणतात.

हा माल आपल्या संगणकात उतरतो ती जागा फारशी कुणी पाहिलेली नसते. माझा रोजचा धंदा नेटवर्कचा, त्यामुळे मला ती पाहावी लागते. तिथे निवड कशी होते आणि ती तिथेच का व्हावी लागते, हे मला सांगायचं आहे.

संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड या सगळ्यांवर त्याची थेट सत्ता असते. आपण चालवतो ते ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, टॅली हे सगळे प्रोग्राम कर्नलच्या बाहेर, वेगळ्या आवारात राहतात. त्यांना नेटवर्क कार्डाला हात लावायची मुभा नाही. पॅकेट आलं की कार्ड ते कर्नलने राखून ठेवलेल्या मेमरीत थेट उतरवतं आणि प्रोसेसरला खूण करतं. कर्नल ते उचलतो, हेडर वाचतो, कुणाचं आहे ते ठरवतो आणि मग त्या प्रोग्रामच्या आवारात त्याची नक्कल करून देतो. या दोन आवारांमधली भिंत ओलांडणं महाग असतं. प्रोसेसरला हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, दुसऱ्या भूमिकेत शिरावं लागतं, बाइट इकडून तिकडे लिहावे लागतात. एका पॅकेटपुरतं हे काही जाणवत नाही. पण 1 गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान आकाराची पॅकेट सलग येऊ लागली, तर सेकंदाला 14 लाख 88 हजार येतात. म्हणजे एका पॅकेटमागे हिशेबाला 672 नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात भिंत ओलांडायची, नक्कल करायची आणि परत यायचं, हे जमणं कठीण आहे.

एके काळी ही घाई नव्हती, आणि तो काळही उपनगरातच घडला. जुहूला गुलमोहर क्रॉस रोड नंबर 9 वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. सगळे तिला एनसीएसटी म्हणत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या (टीआयएफआर) एका केंद्रातून ती 1985 मध्ये वेगळी झाली आणि श्रीनिवासन रमणी तिचे संचालक झाले. भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशातून अर्नेट हे देशातल्या शिक्षणसंस्थांचं जाळं उभं राहत होतं. त्यातला ईमेलचा पहिला धागा 1986-87 मध्ये जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यामध्ये जोडला गेला, तोही साध्या फोनलाइनवरून. पुढे 1989 च्या सुमारास एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत 9600 बिट प्रतिसेकंदाची लाइन सुरू झाली, आणि देशभरच्या संशोधकांचं टपाल तिच्यातून बाहेर जाऊ लागलं. सरकारी कंपनी व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे कितीतरी नंतर. रमणींचं नाव 2014 मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. 2003 मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. मुंबईत इंटरनेटचा इतिहास सांगताना लोक व्हीएसएनएलपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती जुहूपासून करायला हवी.

9600 बिटांच्या लाइनवर दीड हजार बाइटांचं एक पॅकेट उतरायला सव्वा सेकंद लागतो. हिशेब सोपा आहे: बारा हजार बिट भागिले 9600. सव्वा सेकंदात त्या काळचा प्रोसेसरही एका पॅकेटचा निवांत समाचार घेऊ शकत होता. लाइनच इतकी हळू असताना निवडीची चिंता कुणाला असणार? आज मुलुंडच्या एखाद्या घरात 100 मेगाबिटचं कनेक्शन पूर्ण भरून वाहिलं, तर मोठ्या आकाराची पॅकेट सेकंदाला आठ हजारांवर येतात. लहान आली तर आणखी कितीतरी पट.

जुहू आणि पवई जोडले जात होते त्याच सुमारास, ऑक्टोबर 1986 मध्ये, कॅलिफोर्नियात एक विचित्र गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर होतं चारशे यार्ड, म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त. त्यांच्यातला वेग 32 किलोबिटवरून कोसळून सेकंदाला 40 बिटांवर आला. किलोबिट नव्हे, बिट. लाइन तुटलेली नव्हती. सगळे संगणक एकाच वेळी पॅकेट ढकलत होते, ती हरवत होती, म्हणून पुन्हा ढकलत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्याचा छडा लावला. गर्दी दिसली की वेग कमी करायची जी शिस्त त्याने 1988 मध्ये मांडली, तिच्यावर आजचं इंटरनेट उभं आहे. पण छडा लावायचा तर तारेतून नक्की काय वाहतंय ते डोळ्यांनी पाहावं लागतं. त्या गरजेतून जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प हे साधन लिहिलं. पॅकेट पकडायचं, त्याचं हेडर उलगडायचं आणि एका ओळीत छापायचं, एवढंच त्याचं काम. आज जगातला प्रत्येक नेटवर्कवाला ते वापरतो.

पकडताना अडचण आली ती निवडीची. पाहायचा असतो एका यंत्राचा एका यंत्राशी चाललेला संवाद, आणि तारेतून वाहत असतो सगळ्यांचा. सन कंपनीच्या संगणकांवर तेव्हा जी सोय होती, तिच्यात कर्नल आधी पॅकेटची नक्कल करायचा आणि मग ती हवी की नको ते तपासायचा. म्हणजे सगळी मासळी टेम्पोत भरायची आणि मग निवडायची. त्याआधी, 1980 मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात माइक अ‍ॅसेटा आणि रिक रशीद यांनी कर्नलच्या आतच चाळणी बसवायची कल्पना काढली होती. कल्पना उत्तम होती. पण ती चाळणी पीडीपी-11 या जुन्या संगणकाच्या काळातली, एकावर एक रचलेल्या आकड्यांच्या थप्पीवर चालणारी. नव्या प्रोसेसरवर ती थप्पी मेमरीत ठेवावी लागायची आणि मेमरीशी ये-जा करण्यातच वेळ जायचा. शिवाय तिच्या रचनेत एकच हेडर पुन्हा पुन्हा उलगडलं जायचं.

मॅकॅन आणि जेकबसन यांनी डिसेंबर 1992 मध्ये नवी रचना लिहून काढली आणि जानेवारी 1993 मध्ये सॅन डिएगोच्या युजनिक्स परिषदेत ती मांडली. नाव: बीएसडी पॅकेट फिल्टर. बर्कलीचा म्हणून लोक त्याला बर्कली पॅकेट फिल्टर म्हणू लागले, आणि बीपीएफ हे नाव रुळलं. त्यांच्या मोजणीनुसार चाळणी जुन्या चाळणीपेक्षा 20 पटींपर्यंत वेगवान झाली, आणि एकूण पकडण्याचं काम सनच्या त्याच यंत्रावर 100 पटींपर्यंत. यंत्र तेच, बदलली ती निवडीची जागा आणि रीत.

ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. टीसीपीडम्पला सांगितलं की मला फक्त आयपीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची पॅकेट दाखव, तर ते त्या एका शब्दाचा छोटासा प्रोग्राम बनवतं आणि कर्नलच्या हवाली करतं. तो प्रोग्राम चार ओळींचा आहे. मराठीत तो असा वाचता येईल.

पॅकेटच्या बाराव्या बाइटपासून दोन बाइट उचल.
ते 0800 आहेत का? असतील तर पुढच्या ओळीवर जा, नसतील तर शेवटच्या.
262144 हे उत्तर दे.
शून्य हे उत्तर दे.

बारावाच बाइट का? मोजणी शून्यापासून असते. इथरनेटच्या पॅकेटमध्ये पहिले सहा बाइट पॅकेट घेणाऱ्या कार्डाचा पत्ता, पुढचे सहा पाठवणाऱ्या कार्डाचा. बारा झाले. त्यानंतरचे दोन बाइट आत काय माल आहे ते सांगतात. सोळाच्या अंकपद्धतीत 0800 म्हणजे आयपी, 0806 म्हणजे घरातल्या घरात कार्डाचा पत्ता विचारणारं एआरपी. आणि उत्तर म्हणून येणारा आकडा म्हणजे पॅकेटचे किती बाइट ठेवायचे. 262144 हा इतका मोठा आहे की पूर्ण पॅकेट मावतं. शून्य म्हणजे काहीच ठेवू नकोस. हो की नाही आणि किती, ही दोन्ही उत्तरं एका आकड्यात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्या चार ओळींकडे पाहत राहिलो. इतकी नेटकी रचना फार कमी वेळा भेटते.

प्रत्येक पॅकेटमागे चारपैकी तीनच ओळी चालतात. नको असलेल्या पॅकेटची नक्कलच होत नाही, कारण तपासणी पॅकेट जिथे उतरलं तिथेच, जागच्या जागी होते. मासळीची उपमा मात्र इथे थोडी अपुरी पडते, ते सांगून टाकतो. पॅकेट पकडलं म्हणजे ते अडवलं असं नाही. मूळ पॅकेट आपल्या वाटेने पुढे जातंच. चाळणीतून पार झालेल्याची फक्त एक प्रत पाहणाऱ्याकडे येते.

याचा उपयोग माझ्या डोळ्यांसमोर झाला तो मुलुंडला, मावशीच्या घरी. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. नेट आहे, पण पानं उघडत नाहीत. एकदा उघडलं की व्हिडिओ मात्र झकास चालतो. केबलवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता, लाइनचा वेग मोजून दाखवला होता, आणि त्याचं खरंच होतं, वेग पुरेपूर होता. लक्षण मात्र बोलकं होतं. पान उघडण्याआधी संगणकाला नावाचा पत्ता विचारावा लागतो. हे विचारण्याचं काम डीएनएस करतं, आणि ते बहुतेक वेळा पोर्ट 53 वरून, म्हणजे त्या कामासाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावरून, चालतं. अडत असेल तर तिथेच.

मावशीच्या राउटरवर मीच पूर्वी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर चालणारी प्रणाली टाकली होती, म्हणून त्याच्यात शिरून पाहता आलं. असा राउटर म्हणजे तळहाताएवढा संगणक. साठवायला 16 मेगाबाइट जागा, 128 मेगाबाइट मेमरी आणि बेताचा प्रोसेसर. आधी काहीच न गाळता पकडायला सुरुवात केली. पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला, त्यात माझ्या लॅपटॉपचं राउटरशी चाललेलं बोलणंही होतं. छापलेली प्रत्येक ओळ माझ्याकडे पाठवायला नवं पॅकेट निघत होतं आणि तेही पकडलं जात होतं. थांबवलं. टीसीपीडम्प थांबताना तीन ओळींत हिशेब देतं: किती पकडली, फिल्टरकडे किती आली, आणि कर्नलने किती सोडून दिली. तिसऱ्या ओळीत हजारोंचा आकडा होता. राउटर बिचारा दमून गेला होता, आणि जे हवं होतं ते कदाचित त्या सुटलेल्या हजारोंतच होतं.

मग फक्त पोर्ट 53 ची चाळणी लावली. तिचा प्रोग्राम चार ओळींपेक्षा लांब होतो, कारण आयपीचं हेडर कधी वीस बाइटांचं असतं, कधी जास्त, आणि पोर्टचा आकडा त्याच्यानंतर येतो. हेडरची लांबी काढायला बीपीएफमध्ये एक खास आज्ञाच ठेवलेली आहे. तरीही आता राउटर शांत होता, ओळी मोजक्या येत होत्या आणि वाचता येत होत्या. मिनिटभरात चित्र उलगडलं. एकच पत्ता, एकच नाव, सेकंदाला कितीतरी वेळा. उत्तर नाही. पुन्हा विचारणा. पुन्हा उत्तर नाही.

मावशी सोसायटीची सेक्रेटरी. गेटवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर तिच्याच राउटरला जोडलेला होता. तो आपल्या निर्मात्याच्या कुठल्याशा सर्व्हरचं नाव विचारत होता, आणि त्या नावाचं उत्तर देणारं आता कुणी उरलेलं नव्हतं. अमुक नाव नाही, असं उत्तर आलं असतं तरी राउटरने ते लक्षात ठेवलं असतं. इथे उत्तरच येत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रश्न लोंबकळत राहायचा. राउटरमधला डीएनएसचा प्रोग्राम एका वेळी साधारण दीडशेच प्रश्न हातात ठेवतो. ते सगळे डीव्हीआरने अडवलेले. मावशीने बातम्यांचं पान उघडलं की तिचा प्रश्न रांगेबाहेर. डीव्हीआरच्या सेटिंगमधलं ते क्लाउडचं बटण बंद केलं, पुन्हा मोजलं. तिसऱ्या ओळीत शून्य. मावशीने चहा टाकला.

नेटवर्क शिकणारी मुलं एका प्रश्नावर हमखास अडखळतात. पॅकेट टीसीपीडम्पमध्ये दिसतं, पण प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. मग टीसीपीडम्प खोटं बोलतं का? नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये आत येणाऱ्या पॅकेटची प्रत घेतली जाते ती अगदी दाराशी, फायरवॉलच्या आधी. फायरवॉलने नंतर ते पॅकेट टाकून दिलं तरी पकडणाऱ्याला ते दिसलेलंच असतं. बाहेर जाणाऱ्या पॅकेटचं उलटं, ते फायरवॉल ओलांडून आल्यावरच दिसतं. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या तक्रारींचा उलगडा जागच्या जागी होतो: दिसलं पण पोचलं नाही, म्हणजे दोष आपल्याच यंत्राच्या नियमांत शोधा, दिसलंच नाही, तर केबलवाल्याला फोन करा.

अडवण्याचं काम करणारी ही फायरवॉल म्हणजे कर्नलमधली दुसरी चाळणी. लिनक्समध्ये तिचा सांगाडा नेटफिल्टर या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेलने तो उभा केला आणि जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 या आवृत्तीपासून तो कर्नलचा भाग झाला. पॅकेटच्या वाटेवर त्याने पाच नाकी ठेवली आहेत: आत शिरताच, आपल्यासाठी असेल तर आत घेताना, दुसऱ्यासाठी असेल तर पुढे पाठवताना, आपण पाठवत असू तर निघताना, आणि सगळ्यात शेवटी दाराबाहेर पडताना. अंधेरी-बोरिवलीच्या गल्ल्यांत गच्चीवरून गच्चीवर वायर टाकून नेट देणाऱ्या अनेक लहान कंपन्यांकडे लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचे राउटर दिसतात. त्यांची राउटरओएस लिनक्स कर्नलवरच उभी आहे, आणि तिच्या फायरवॉलमध्ये इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट हेच शब्द भेटतात. शेकडो घरांना थोड्याशा सार्वजनिक पत्त्यांमागे बसवायची कसरतही याच नाक्यांवर चालते. जो पोरगा शिडी घेऊन आपल्या खिडकीशी वायर ओढतो, तोच कधी कधी रात्री हे नियमही लिहीत असतो. त्याच्या या ज्ञानाची कुणी दखल घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता धोक्याचं बोलू. कर्नलच्या आत परक्याचा प्रोग्राम चालवायचा म्हणजे घराची किल्लीच देण्यासारखं आहे. बाहेरच्या आवारातला प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलमध्ये चूक झाली तर अख्खं यंत्र बसतं. 19 जुलै 2024 च्या शुक्रवारी हे सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो. त्याला पाठवलेल्या नव्या माहितीत 21 रकान्यांची अपेक्षा होती, प्रोग्रामने पुरवले 20. एकविसावा वाचायला तो आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत गेला आणि यंत्रं निळा पडदा दाखवून पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी यंत्रं होती 85 लाख. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अंधेरीच्या विमानतळावरही काउंटरवरचं काम हाताने करायची वेळ आली.

आता 1992 च्या त्या चार ओळींकडे परत जा. बाराव्या बाइटपासून दोन बाइट उचलायचे, पण पॅकेटच दहा बाइटांचं निघालं तर? बीपीएफचा नियम स्पष्ट आहे. हद्दीबाहेर वाचायला गेलात की चाळणी तिथेच थांबते आणि उत्तर शून्य. पॅकेट नाकारलं, यंत्र जिवंत. दुसरा नियम: उडी फक्त पुढे मारायची, मागे कधीच नाही. त्यामुळे चाळणी गोल गोल फिरत बसेल, कर्नल तिच्यात अडकून पडेल, अशी शक्यताच उरत नाही. लिहून ठेवायला जागा मोजून सोळा खणांची. भाषा मुद्दाम इतकी तोकडी ठेवली की तिच्यात घातक काही लिहिताच येऊ नये. बत्तीस वर्षांनी आलेल्या संकटाचं उत्तर एका संशोधन-निबंधात आधीच लिहिलेलं होतं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत. पण कर्नलमध्ये पाऊल टाकताना किती धाक बाळगावा, हे मॅकॅन आणि जेकबसन यांना पक्कं कळलं होतं.

लिनक्सने ही चाळणी 1997 मध्ये उचलली. मग 2014 मध्ये अलेक्सेई स्टारोव्होइटोव्हने तिचा मोठा विस्तार केला आणि ईबीपीएफ जन्माला आलं. आकडे हाताशी ठेवायची रजिस्टरं दोनाच्या जागी अकरा, 32 बिटांच्या जागी 64, माहिती साठवायला तक्ते. आता ही चाळणी केवळ निवडत नाही, ती मोजते, वळवते, आणि नेटवर्क कार्डाच्या अगदी उंबऱ्यावर, कर्नलने पॅकेटची नोंद करायच्याही आधी, नको असलेलं टाकून देते. लाखो यंत्रांकडून एकदम आलेला पॅकेटचा मारा मोठ्या कंपन्या याच उंबऱ्यावर परतवतात. भाषा मोठी झाली तसा धोकाही वाढला, म्हणून दाराशी एक तपासनीस बसवला. प्रोग्राम कर्नलमध्ये घ्यायच्या आधी तो त्याच्या सगळ्या वाटा चालून पाहतो. एखाद्या वाटेवर हद्दीबाहेरचं वाचन होऊ शकतं का, प्रोग्राम कधी संपणारच नाही असं होईल का? खात्री पटली नाही तर प्रोग्राम परत. या तपासनिसातही चुका सापडल्या आहेत आणि त्यांतून हल्लेखोरांनी वाट काढली आहे. म्हणूनच आता बहुतेक ठिकाणी सामान्य वापरकर्त्याला असा प्रोग्राम चढवायची परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे.

हे सगळं सर्व्हरच्या खोल्यांपुरतं आहे असं समजू नका. 2018 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 9 पासून कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला ही मोजणी फोनमध्ये ईबीपीएफ करतं. संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ही छोटी चाळणी कामावर असते. आणि टीसीपीडम्प आजही जुन्याच भाषेतल्या त्या चार ओळी लिहून देतं. लिनक्सचा कर्नल त्या आत घेतल्यावर गुपचूप नव्या भाषेत उतरवून घेतो.

एक गोष्ट बजावून सांगायला हवी. पॅकेट पकडता येतं म्हणून ते कुणाचंही पकडावं असं नाही. आज बहुतेक मजकूर कुलूपबंद जातो, बँकेचा पासवर्ड असा सहज वाचता येत नाही. पण हेडर उघडं असतं. कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळ बोललं हे त्यातून कळतं, आणि माणसाबद्दल बरंच काही त्याच्यावरून ओळखता येतं. मावशीच्या राउटरवरही मी आधी तिला विचारलं आणि पोर्ट 53 च्या पलीकडे पाहिलं नाही. नेमकी चाळणी राउटरला जपते तशीच घरातल्यांच्या खाजगीपणालाही जपते. दुसऱ्याच्या नेटवर्कमधला डेटा परवानगीशिवाय उचलणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 खाली येतं. अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 लागतं, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र हे काम स्वतःच्या यंत्रावर एकदा तरी करावं. पुस्तकातली पॅकेटची आकृती पाठ करून परीक्षा सुटते, नेटवर्क कळत नाही. लिनक्स असलेला जुना लॅपटॉप पुरतो. टीसीपीडम्पला उणे डी हा पर्याय द्या, म्हणजे ते काही न पकडता फक्त चाळणीचा प्रोग्राम छापून दाखवेल. आयपीच्या चार ओळी वाचा, मग पोर्ट 53 च्या वाचा, बाइट बोटाने मोजा. मग खरोखर पकडा, आणि थांबवल्यावर शेवटच्या तीन ओळी आधी पाहा. तिसऱ्या ओळीत शून्याखेरीज दुसरा आकडा असेल, तर चाळणी बारीक करा आणि पुन्हा पकडा. तोवर, अमुक पॅकेट आलंच नाही, असं कुणालाही सांगू नका.